आठ महिने आणि चार मंडळ्या

वाचक भगिनीचे पत्र :

“आदरणीय ताई, जय ख्रिस्त. मी मूळची नवापूर तालुक्यातील एका गावची. आमच्या माहेरी मावची ही आदिवासी बोली बोलली जाते. मी परिचारिका आहे. माझे पती नगर जिल्ह्यातील असून बँकेत नोकरीला आहेत. लग्नानंतरची पंधरा वर्षे आम्ही माझ्या माहेरच्याच मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) उपासनेला जात होतो. गेल्या जूनमध्ये पतींची बदली झाली आणि चौदा वर्षांचा मुलगा, आठ वर्षांची मुलगी व सासूबाई यांच्यासह आम्ही या शहरात आलो. पाळ्यांमुळे मला महिन्यातून दोनच रविवार मोकळे मिळतात. त्या रविवारी आम्ही आजवर चार मंडळ्यांत जाऊन पाहिले. पहिली जुन्या दगडी इमारतीत भरते; तिथे कोणी विचारपूस केली नाही आणि पंचांच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांच्या, निवडणुकीवरून दोन गट पडल्याचे कानावर आले. दुसरी भाड्याच्या सभागृहात भरते. तिथे इतक्या प्रेमाने स्वागत झाले की मला रडू आले, पण पुढच्याच आठवड्यापासून पास्टरांचे रोज फोन येऊ लागले, पगार व दशांश (मंडळीला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग) यांची चौकशी झाली आणि पतींनी पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा असे सांगण्यात आले, कारण त्यांचा बाप्तिस्मा तान्हेपणी झालेला आहे. ‘मग आजवर मी कोण होतो?’ एवढेच ते म्हणाले, आणि तेव्हापासून कुठेही यायला तयार नाहीत. तिसरीत इंग्रजी व हिंदीत उपासना होते. मुलगा तिथे रमतो, सासूबाईंना काही कळत नाही. चौथी म्हणजे माझ्या एका सहकारी भगिनीच्या घरी जमणारी दहा कुटुंबे. तिथे पाळक नाहीत; बंधू पाळीपाळीने वचन सांगतात आणि दर रविवारी भाकर मोडतात, म्हणजे प्रभुभोजन घेतात. आमच्या गावासारखे गाणे आणि आमच्यासारखी प्रार्थना मात्र कुठेच नाही. मंडई फिरावी तशी देवाची मंडळी पाहत फिरणे पाप तर नाही ना? माझे नाव गावच्या मंडळीतून काढावे का? पतींचे नाव तर अजून त्यांच्याच गावच्या मंडळीच्या सभासद-वहीत आहे. बाप्तिस्म्याचा विषय निघू नये म्हणून नवापूरला आम्ही ते कधी आणलेच नाही.”

(भगिनीने शहराचे नाव दिले होते, ते मी वगळले आहे. खानदेशातील जिल्ह्याच्या गावांत ख्रिस्ती कुटुंबे इतकी थोडी आहेत की दगडी इमारत म्हटले की ती कोणती, हे सर्वांना कळते.)

प्रिय भगिनी,

जय ख्रिस्त. पापाचा प्रश्न आधी बाजूला करू. गाव सोडून नव्या ठिकाणी आलेल्या कुटुंबाने तिथल्या मंडळ्यांची ओळख करून घेणे यात पाप नाही, आणि भरिताचे वांगेसुद्धा चार वेळा उलटेपालटे करून घेणाऱ्या आपल्या मुलखात त्याबद्दल कोणी तुम्हाला नावे ठेवू नयेत. एकत्र जमणे सोडू नका, असे इब्री लोकांस पत्रात सांगितले आहे; तुम्ही ते सोडलेले नाही, रात्रपाळी करून सकाळी मुलांना तयार करून निघाला आहात. तेव्हा हे ओझे उतरवून ठेवा.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. पहिल्या दोन वाचनांत मला ते चार मंडळ्यांविषयीचे पत्र वाटले. तिसऱ्या वेळी माझे लक्ष शेवटच्या वाक्यावर थांबले, जे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. पंधरा वर्षे तुमचे पती प्रत्येक रविवारी तुमच्या माहेरच्या मंडळीत बसले, अर्पण दिले, तुमच्या मुलांना तिथे वाढवले, आणि तरी त्या मंडळीच्या वहीत त्यांचे नाव नव्हते. वार्षिक सभेत त्यांना मत नसणार, पंच म्हणून कोणी त्यांचे नाव सुचवले नसणार, आणि प्रभुभोजनाच्या वेळी त्यांनी काय केले हे तुम्ही लिहिलेले नाही, पण माझा अंदाज मी करू शकते. आठ महिने पाहुणी म्हणून बाकाच्या टोकाला बसून तुम्ही थकलात. ते पंधरा वर्षे तसेच बसले होते आणि त्यांनी कधी तक्रार केली नाही. दुसऱ्या मंडळीतील पास्टरांचे बोलणे त्यांना इतके का लागले, हे यावरून ध्यानात यावे. जो विषय निघू नये म्हणून तुम्ही दोघांनी इतकी वर्षे जपले, तोच एका अनोळखी माणसाने दुसऱ्या भेटीत टेबलावर ठेवला.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की हा शोध नव्याने सुरू करा, आणि या वेळी तो दोघांचा असू द्या. गाणे, भाषा, स्वागत हे सर्व महत्त्वाचे आहे, पण तुमच्या घरासाठी पहिला प्रश्न एकच आहे : तुम्हा दोघांची नावे एका पानावर कोणत्या मंडळीत लिहिली जातील?

यासाठी बाप्तिस्म्याविषयी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. आपल्याकडे वेगवेगळ्या मिशनांनी वेगवेगळ्या जिल्ह्यांत काम केले आणि त्यांच्या चालीरीती त्या त्या मातीत रुजल्या. तुमच्या भागात बहुधा बालकाचे समर्पण होते आणि कळत्या वयात, स्वतःच्या साक्षीवर, पाण्यात बुडवून बाप्तिस्मा दिला जातो. तुमचा रंगावली नदीच्या पात्रात झाला असेल तर मला नवल वाटणार नाही. नगरकडच्या जुन्या मंडळ्यांत आईबापांच्या विश्वासावर तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा होतो आणि मोठेपणी दृढीकरणाच्या वेळी ते मूल स्वतःच्या तोंडाने कबुली देते. दोन्ही बाजूंना शास्त्राधार मांडणारी विद्वान माणसे शतकानुशतके होऊन गेली आहेत, आणि या सदरातून मी तो वाद मिटवीन असा माझा आव नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली, तेव्हा त्या सहांत बाप्टिस्ट होते, ब्रदरन होते आणि तान्ह्यांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन, मेथडिस्ट व इतरही होते. अनेक वर्षांच्या चर्चेनंतर त्यांनी ठरवले की दोन्ही पद्धती मान्य असाव्यात आणि एका पद्धतीने बाप्तिस्मा झालेल्याला दुसऱ्या पद्धतीने पुन्हा तो देऊ नये. रोमन कॅथलिक मंडळीही पाण्याने, पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा पुन्हा देत नाही. ‘एकच प्रभू, एकच विश्वास, एकच बाप्तिस्मा’ हे इफिसकरांस पत्रातील वचन तुमच्या पतींना तोंडपाठ असेल. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशातील मोठ्या मंडळ्यांनी फार पूर्वीच देऊन ठेवले आहे, आणि ते त्यांच्या बाजूचे आहे. हे त्यांना पत्नीने सांगितलेले अधिक बरे. पाळकांनी सांगितले तर तो पुन्हा उपदेश होईल.

आता त्या दगडी इमारतीकडे वळू. तुम्ही दिलेल्या तपशिलावरून ती याच एकत्रित परंपरेतील असावी असे मला वाटते, आणि तुम्ही तिला फार लवकर बाद केलेत असेही मला वाटते. हिशोब पाहा. आठ महिन्यांत महिन्याला दोन म्हणजे सोळा रविवार, आणि त्यांत चार मंडळ्या. म्हणजे प्रत्येकीला सरासरी चार भेटी, आणि त्यांतलीही एखादी नाताळच्या गर्दीतली. जिथे तीस-चाळीस माणसे, बहुतेक वृद्ध, पन्नास वर्षे त्याच बाकांवर बसत आली आहेत, तिथे चार भेटींत कोणी बोलले नाही याचा अर्थ ती माणसे थंड आहेत असा मी लावणार नाही. खानदेशी माणूस ‘कोन्ता गावना?’ हे विचारल्याशिवाय मोकळा होत नाही, आणि तुम्ही शहरी कपड्यांत, बँकेतल्या साहेबांबरोबर आलेल्या असल्यामुळे ते विचारण्याचे धाडस कदाचित कोणाला झाले नसेल. पुढच्या वेळी उपासना संपताच निघून जाऊ नका. दाराशी उभ्या असलेल्या सर्वांत वृद्ध बाईंना तुम्हीच आपले गाव सांगा. माझा अनुभव असा की पाच मिनिटांत नवापूर, नंदुरबार किंवा चिंचपाड्याच्या दवाखान्यात काम केलेले त्यांचे कोणी ना कोणी नातलग निघतात.

गटबाजीची गोष्ट मात्र मी हलक्याने घेत नाही. जुन्या मंडळ्यांकडे मिशनच्या काळातील जमिनी आहेत, इमारती आहेत, आणि जिथे मालमत्ता आहे तिथे पंचांची निवडणूक कधीकधी साखर कारखान्याच्या निवडणुकीसारखी होते, हे सांगताना मलाच लाज वाटते. तथापि भांडण आहे की नाही हे पाहून मंडळी निवडायची ठरवली तर तुम्हाला घरीच बसावे लागेल. प्रकटीकरणाच्या पुस्तकात सात मंडळ्यांना पत्रे आहेत. त्यांपैकी स्मुर्णा आणि फिलदेल्फिया या दोनच अशा आहेत की ज्यांच्यावर ठपका ठेवलेला नाही. भांडण कशावरून आहे आणि ते कसे चालवले जाते, हे पाहावे. वार्षिक सभा होते का, तिच्यात जमाखर्च वाचून दाखवला जातो का, लेखापरीक्षण झालेले असते का, प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळते का? सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला आपले हिशोब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला सादर करावे लागतात. म्हणून ‘आपली मंडळी कोणत्या न्यासाखाली नोंदलेली आहे?’ हा प्रश्न कोणत्याही मंडळीत, नवीन असो वा जुनी, अदबीने विचारता येतो. ज्या ठिकाणी या प्रश्नाने कपाळावर आठी पडते, तिथे मुलांना सवय लागेपर्यंत थांबू नये.

आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण ती तुमच्या मनात असू शकेल म्हणून मीच काढते. तुम्ही आदिवासी घरातल्या, पती नगरकडचे. आपण प्रभूच्या मेजावर एक होतो असे म्हणतो, आणि लग्नाचे स्थळ पाहताना मात्र आडनावावरून ‘तुम्ही कोणत्या लोकांतले?’ हे हळूच विचारतो. ही कीड कोणत्याही एका पंथाची नाही. ती प्रवचनात दिसत नाही, कारण प्रवचनात सर्वजण समान असतात. ती पंगतीत दिसते. थंडी अजून सरलेली नाही. या दिवसांत मंडळ्यांची एखादी भरिताची सहल किंवा सहभोजन एखाद्या सभासदाच्या शेतात होतेच. बोलावणे आले की जा. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला कोण बसते, भांडी घासायला कोणाच्या बायका उठतात, डॉक्टरसाहेब आणि रोजंदारीवर जाणारा सभासद एका ओळीत कळण्याची भाकरी खातात की वेगवेगळ्या सावल्यांत, हे पाहा. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी जागा देणाऱ्या मंडळीची जी कानउघाडणी आहे, ती सहभोजनाला जाण्यापूर्वी घरी एकदा वाचून घ्या.

दुसऱ्या, सभागृहातील मंडळीविषयी मला अन्याय करायचा नाही. तिथे तुम्हाला रडू आले ते खरे होते. परक्या शहरात कोणीतरी तुमचा हात हातात घेऊन तुमच्यासाठी मोठ्याने प्रार्थना केली, ती उब खोटी ठरवण्याचा अधिकार मला नाही, आणि जुन्या मंडळ्यांनी तिच्याकडून शिकावे असे पुष्कळ आहे. परंतु दुसऱ्या आठवड्यात पगार विचारणे, रोज फोन करणे आणि पतीच्या विश्वासावर पत्नीकडे शंका व्यक्त करणे या तीन गोष्टी एकत्र आल्या की मी सावध होते. दशांश हा देणाऱ्याच्या विवेकाचा विषय आहे. तो मागून वसूल करण्याचा नाही. आणि ज्या ठिकाणी पास्टर कोणाला उत्तरदायी आहेत हे स्पष्ट नसते, त्यांच्यावर ना बिशप, ना पंच, ना वडीलमंडळ, तिथे माणूस कितीही भला असला तरी त्याची चूक त्याला दाखवणारे कोणी नसते. तिथे जाणे थांबवा, पण फोन उचलणे बंद करून थांबवू नका. एकदाच, पतींशी बोलून, असा निरोप लिहून पाठवा : ‘आदरणीय पास्टर, आपण व मंडळीने आम्हाला जे प्रेम दिले त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. आमच्या कुटुंबाने प्रार्थनापूर्वक दुसऱ्या मंडळीत उपासनेस जाण्याचे ठरवले आहे. कृपया आमच्यासाठी प्रार्थना करावी.’ कारण लिहू नका. कारण लिहिले की त्याला उत्तर येते, मग उत्तराला उत्तर, आणि चार महिने जातात.

इथे माझी एक जुनी चूक सांगते. लग्न होऊन मी भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा मीही अशीच फिरले होते आणि शेवटी एका पाळकांचे प्रवचन ऐकून मंडळी निवडली. बोलणे असे की यार्डातल्या इंजिनांचा आवाजही ऐकू येऊ नये. वर्षभरात त्यांची बदली झाली. त्यानंतरच्या रविवारी मी आजूबाजूला पाहिले तेव्हा त्या मंडळीत एकाही बाईचे पूर्ण नाव मला माहीत नव्हते. जुन्या पंथांत पाळक बदलीवर जातात आणि माणसे मागे राहतात. स्वतंत्र मंडळ्यांत पाळक कधीच जात नाहीत आणि पुढे त्यांचे चिरंजीव व्यासपीठावर येतात. दोन्हींत धोके आहेत. एका माणसाच्या वाणीवर घर बांधू नये एवढेच मी त्यातून शिकले.

तुमच्या मुलाबद्दल. चौदाव्या वर्षी गाव, शाळा, मित्र सर्व एकदम सुटलेल्या मुलाला एखाद्या ठिकाणी रमावेसे वाटते, ही गोष्ट तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिली आहे. मी ती चांगली बातमी समजते. तिसऱ्या मंडळीच्या तरुणांच्या सभेला त्याला शनिवारी खुशाल जाऊ द्या आणि घरी आल्यावर गिटारविषयी न विचारता तिथे कोणता उतारा वाचला ते विचारा. रविवारी मात्र त्याने कुटुंबाबरोबर बसावे, आणि आजीला गाण्याचा क्रमांक काढून देण्याचे काम त्याचे असावे. नव्या चालींचा बाऊ करू नका. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील जी भजने सासूबाईंना पाठ आहेत, त्यांतली कितीतरी नारायण वामन टिळकांची आहेत. टिळक १९१९ साली वारले. विलायती चालींवर भाषांतरित गीते गाणाऱ्या मंडळ्यांत त्यांनी अभंगाची आणि ओवीची रीत रुजवली, तेव्हा तीही नवीच होती. सासूबाईंना भाषा कळत नाही ही अडचण मात्र खरी आहे. बाहत्तर-पंचाहत्तरच्या वयात न कळणाऱ्या भाषेत दर रविवारी दीड तास बसणे ही शिक्षा आहे, आणि ती केवळ मुलगा रमतो म्हणून कोणी त्यांना देऊ नये. कुटुंब म्हणून तिसरी मंडळी तुमची नाही.

घरी जमणाऱ्या दहा कुटुंबांविषयी मला आदर आहे. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून, दर रविवारी भाकर मोडणे, नियुक्त पाळक नसणे, बंधूंनी पाळीपाळीने वचन सांगणे, ही प्लिमथ ब्रदरन पद्धत दिसते; उत्तर भारतीय मंडळीत सामील झालेले ब्रदरन वेगळे. त्यांच्यात शास्त्राचा अभ्यास चांगला असतो. परंतु तिथेही तुमच्या पतींचा बाप्तिस्म्याचा प्रश्न उभा राहीलच, आणि पुन्हा ते भाकरीच्या मेजापासून दूर बसतील. त्याखेरीज दोन व्यवहारी गोष्टी आहेत, ज्या कोणत्याही लहान किंवा नव्या मंडळीत सामील होण्यापूर्वी विचारायला हव्यात आणि ज्या आपण संकोचाने विचारत नाही. पहिली लग्नाची. भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम १८७२ सालचा आहे आणि ख्रिस्ती विवाह कोण लावू शकतो हे त्याच्या कलम ५ मध्ये दिले आहे. बिशपांकडून दीक्षा मिळालेले धर्मगुरू, या कायद्याखाली परवाना मिळालेले पाळक, विवाह निबंधक, अशी ती यादी आहे. ज्यांच्याकडे परवाना नाही त्यांनी कितीही भक्तिभावाने लग्न लावले तरी दाखल्याच्या वेळी घोळ होतो, आणि तो मुलीच्या वाट्याला अधिक येतो. तुमची मुलगी आठ वर्षांची आहे हे मला ठाऊक आहे. पण मंडळी बदलणे हे भाड्याचे घर बदलण्यासारखे नसते.

दुसरी गोष्ट दफनभूमीची. काही शहरांत ख्रिस्ती दफनभूमी सर्व पंथांची मिळून एक समिती चालवते, काही ठिकाणी ती एकाच मंडळीच्या ताब्यात असते आणि सभासद नसलेल्यांना ऐन वेळी परवानगीसाठी फिरावे लागते. घरात सासूबाई आहेत. हे विचारणे अशुभ नाही. उलट त्यांनी स्वतःच एखाद्या दिवशी हा विषय काढला तर तो टाळू नका. त्या वयाची माणसे याचा विचार आपल्यापेक्षा अधिक शांतपणे करतात.

आता ते गाणे, ते ‘कुठेच नाही’ असलेले. भगिनी, ते या शहरात मिळणार नाही. नवापूर स्थानकावर एक बाक आहे, अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत; सुरत-भुसावळ मार्गावरून जाणारी माणसे उतरून त्यावर बसून छायाचित्रे काढतात. तुमच्या पत्राचा निम्मा भाग मला तिकडच्या अर्ध्यावर बसून लिहिलेला वाटला. चारही मंडळ्यांत तुम्ही माहेरच्या मंडळीशी तुलना केली आहे, आणि त्या तुलनेत कोणीच टिकणार नव्हते, कारण तिथे तुमची आई शेजारी बसून मावचीत गात होती. याबद्दल वाईट वाटू द्या. त्याला ‘मंडळी योग्य नाही’ असे नाव मात्र देऊ नका. मावची प्रार्थना घरात चालू ठेवा. मुलांना रात्री त्याच भाषेत प्रार्थना शिकवा, पतींनाही पंधरा वर्षांत ती पुरेशी कळत असेल. तुमच्या रुग्णालयात, शिक्षकांत, पोलिसांत नवापूर-अक्कलकुव्याकडची मावची, कोकणा आदिवासींची कोकणी किंवा भिली बोलणारी ख्रिस्ती कुटुंबे नक्की असतील. महिन्यातून एका संध्याकाळी त्यांना घरी बोलावून केवळ आपल्या बोलीतील गाणी म्हटली, तरी रविवारच्या मंडळीवरचा हा भार कमी होईल.

पुढे काय करावे, ते सांगते. या महिन्यात कुठेही नवीन ठिकाणी जाऊ नका. पतींना कुठे यायचा आग्रह करू नका. आधी एका संध्याकाळी त्यांना विचारा की नवापूरच्या पंधरा वर्षांत प्रभुभोजनाच्या वेळी त्यांना कसे वाटत होते, आणि ते उत्तर देत असताना मध्ये बोलू नका. नंतर ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू होईल. ते चाळीस दिवस दगडी मंडळीला द्या. केवळ रविवारी जाण्यापेक्षा एखाद्या आठवड्यातल्या घरसभेला जा, महिला मंडळाच्या बैठकीला जा, आणि कोणाच्या घरी आजारपण वा दुःख झाले असेल तर त्या घरी जा; तुम्ही परिचारिका आहात, तिथे काय करायचे हे तुम्हाला कोणी सांगायला नको. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दुपारी बारा ते तीनची उपासना चुकवू नका. वधस्तंभावरील सात उद्गारांवर बहुधा सात वेगवेगळी माणसे बोलतात. त्या सातांत कोण कोण आहेत, स्त्रिया आहेत का, दोन्ही गटांची माणसे एकाच व्यासपीठावर येतात का, हे तीन तासांत तुम्हाला दिसेल, आणि गटबाजीविषयी कानावर आलेल्या गोष्टींपेक्षा ते अधिक विश्वसनीय असेल. प्रभुभोजन असेल त्या दिवशी उपासनेपूर्वीच पाळकांना भेटून सांगा की आम्ही दोघे अमुक मंडळ्यांचे सहभागी (प्रभुभोजनाचा अधिकार असलेले) सभासद आहोत, आम्ही मेजाशी यावे का. हा प्रश्न पतींनी स्वतः विचारला तर उत्तम.

ईस्टरनंतर निर्णय करा. तोवर तुमचे नाव गावच्या मंडळीतून काढू नका. अधांतरी राहणे बरे नाही. निर्णय झाला की दोन्ही गावच्या पाळकांना सभासदत्वाचे बदलीपत्र मागणारा अर्ज करा. यात दुरावा नाही. पौलाने रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात फीबी नावाच्या भगिनीची शिफारस केली आहे ती अशीच, एका मंडळीने आपली माणसे दुसरीच्या हाती सोपवावीत तशी. पत्रात बाप्तिस्म्याची तारीख व ठिकाण, पतींच्या बाबतीत दृढीकरणाचीही नोंद, विवाहाची नोंद आणि मुलांची नावे असावीत. तुमचे पत्र लवकर येईल, कारण तिथे तुम्हाला सर्व ओळखतात. पतींचे नाव ज्या वहीत आहे ती पंचेचाळीसएक वर्षांपूर्वीची असेल, मधल्या काळात किती पाळक बदलले असतील, आणि ती कोणाच्या कपाटात आहे हे शोधण्यातच एखादा महिना जाईल. म्हणून त्यांच्या गावचा अर्ज आधी पाठवा, आणि सासूबाईंना विचारून बाप्तिस्म्याचा रविवार व त्या दिवशी तेथे कोण पाळक होते ते अर्जात लिहा. त्यांना आठवत असेल.

तुमची,
ताई